कॅडमियममुक्त क्वांटम डॉट्स विकत घेताना: कॉपर इंडियम सल्फाइडच्या बाटलीची परखड पाहणी

क्वांटम डॉट्स म्हणजे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक, प्रकाश पडला की ठरावीक रंगात चमकणारे. निकाल आधीच सांगून टाकतो. उंदरांतल्या गाठीचं किंवा लिम्फ नोडचं इमेजिंग करायचं आहे, हाताशी साधा सिलिकॉन कॅमेरा आहे आणि कॅडमियम नको आहे, तर आज विकत मिळणाऱ्या मालात झिंक सल्फाइडचं कवच असलेले कॉपर इंडियम सल्फाइड डॉट्स घ्यावेत. टोल्युइन या सेंद्रिय द्रावकातले घ्यावेत. ‘वॉटर सोल्युबल’ म्हणून मिळणारे टाळावेत. आणि लेबलवर ‘नॉन-टॉक्सिक’ छापलं आहे म्हणून एकही चाचणी गाळू नये. कॅडमियम नाही एवढंच ते लेबल सांगतं. डॉट विषारी ठरणार की नाही, हे कवच, वरचं आवरण, आकार आणि बाटलीत उरलेला कचरा यांवर ठरतं.

कॅडमियम सेलेनाइडची चमक अजूनही सगळ्यांत उजवी आहे, हे मान्य करून पुढे जाऊ. १९९८ मध्ये जैविक लेबल म्हणून क्वांटम डॉट्स वापरल्याचे दोन शोधनिबंध एकाच वेळी आले, ते याच डॉट्सवरचे. २००४ मध्ये यकृताच्या पेशींवर दाखवलं गेलं की हवेने किंवा अतिनील प्रकाशाने पृष्ठभागाचं ऑक्सिडेशन झालं की कॅडमियमचे आयन सुटतात आणि पेशी मरतात. झिंक सल्फाइडचं कवच दिलं की हे बरंच कमी होतं, पण शून्यावर येत नाही. २०१२ मध्ये ऱ्हीसस माकडांना दर किलो वजनामागे २५ मिलीग्रॅम डॉट्स टोचून ९० दिवस पाहिलं गेलं. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, पण बहुतेक कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांतच बसून होतं. अडचण तीच आहे. आज त्रास नाही आणि बाहेरही पडत नाही, अशी वस्तू माणसाच्या शिरेत टोचायला कुठलीही नियामक संस्था सहजी हो म्हणणार नाही.

बाटली हातात आल्यावर

चांगल्या बॅचचं द्रावण गडद लालसर-तपकिरी आणि पारदर्शक असतं. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली धरलं की लाल चमकतं. ८०० नॅनोमीटरचा माल असेल तर डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे बॅच मेली असं समजून परत पाठवू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही विसंबू नका, त्यात अवरक्त प्रकाश गाळणारा फिल्टर असतो. बाटली तिरकी केल्यावर तळाशी गाळ किंवा काचेवर तपकिरी थर दिसला, तर ती बॅच घेऊ नये. सोनिकेट केल्यावर, म्हणजे ध्वनिलहरींनी ढवळल्यावर, गाळ विरघळल्यासारखा दिसतो, पण दुसऱ्या दिवशी परत बसतो.

डेटाशीटवरचे तीन आकडे नीट वाचावेत. पहिला, उत्सर्जनाची रुंदी. कॉपर इंडियम सल्फाइडची चमक कॅडमियम सेलेनाइडसारखी टोकदार नसते. तिथे अर्ध्या उंचीवरची रुंदी २५ ते ३५ नॅनोमीटर, इथे शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हा उत्पादनातला दोष नाही, पदार्थाचा स्वभाव आहे. तांब्याशी बांधलेल्या होलमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेतून, उत्सर्जन होतं, म्हणून पट्टा रुंद. म्हणजे एकाच नमुन्यात चार-पाच रंग वेगळे ओळखायचे असतील, तर हा माल तुमच्यासाठी नाही. त्याच स्वभावाचा एक फायदाही आहे. चमक काहीशे नॅनोसेकंद टिकते, तर ऊतींची स्वतःची चमक बहुतांशी दहा नॅनोसेकंदांच्या आत विझते. पल्स लेझर आणि गेट करता येणारा, म्हणजे ठरावीक क्षणापासूनच मोजणारा, डिटेक्टर असेल, तर सुरुवातीचे ५० नॅनोसेकंद सोडून द्यायचे. पार्श्वभूमी जवळपास नाहीशी होते. ही सोय असूनही फार थोडे लोक ती वापरतात.

दुसरा आकडा क्वांटम यील्डचा, म्हणजे शोषलेल्या फोटॉनपैकी किती चमक बनून बाहेर येतात त्याचा. सत्तर-ऐंशी टक्के लिहिलेले असतात आणि ते खोटे नसतात, पण ते टोल्युइनमधले असतात. पाण्यात नेल्यावर ते निम्म्यावर येणं नेहमीचंच. सप्लायरला पाण्यातला आकडा आणि तोही एक महिन्यानंतरचा मागावा. स्वतः मोजत असाल तर शोषणांक ०.१ च्या खाली ठेवा, नाहीतर डॉट्स स्वतःचाच प्रकाश गिळतात. संदर्भाचा डाय त्याच पट्ट्यातला घ्या. ८०० नॅनोमीटरच्या डॉटला पिवळसर-हिरव्यात चमकणाऱ्या रोडामाइन ६जीशी ताडलं, तर डिटेक्टरच्या प्रतिसादाची दुरुस्ती हाच चुकीचा सगळ्यांत मोठा भाग होऊन बसतो.

तिसरा आकडा छापलेलाच नसतो: लाल प्रकाशात हे डॉट्स किती शोषतात. डेटाशीटवरची तेजस्विता बहुधा ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या उत्तेजनावर मोजलेली असते. हा निळा प्रकाश उंदराच्या कातडीखाली फार जात नाही. प्रत्यक्षात ६४० ते ६६० नॅनोमीटरचं उत्तेजन वापरावं लागतं आणि तिथे कॉपर इंडियम सल्फाइडच्या शोषणाला ठळक शिखर नसतं, नुसती उतरती शेपटी असते. काचेच्या क्युव्हेटमध्ये डोळे दिपवणारी बॅच उंदरात मंद का दिसते, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं उंदराच्या खाण्यात. नेहमीच्या खाद्यात अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास असतो. त्यातलं क्लोरोफिल आतड्यात ६७० ते ७०० नॅनोमीटरच्या आसपास जोरात चमकतं आणि पोटावर सुंदर ‘सिग्नल’ मिळतो. इमेजिंगच्या आठवडाभर आधीपासून अल्फाल्फाविरहित खाद्य सुरू करा, आणि काही न टोचलेला एक उंदीर प्रत्येक फोटोत शेजारी ठेवा.

कवच: पैसे इथे द्यायचे

या मालात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेरचं झिंक सल्फाइड. बोस्टन विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये कवच नसलेले आणि कवच असलेले कॉपर इंडियम सल्फाइड डॉट्स पेशींवर आणि उंदरांवर ताडून पाहिले. बिनकवचाचे झपाट्याने विरघळले आणि चांगलेच विषारी निघाले, कवचवाल्यांनी तसा त्रास दिला नाही. कॅडमियमचा एक अणूही नसताना हे झालं. तांब्याचे आयन सुटले की पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर फेंटनसारखी प्रक्रिया चालते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. म्हणून ‘कोअर’ म्हणून स्वस्तात मिळणारा माल जिवंत पेशींच्या कामासाठी घेऊ नये. तो सौर घट किंवा रंगबदल फिल्मवाल्यांसाठी ठीक आहे.

कवच खरंच आहे की नाही, हे तपासायला सोपा वाटणारा मार्ग फसवा आहे. आयसीपीवर, म्हणजे धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, जस्त आणि इंडियमचं गुणोत्तर काढलं, जस्त भरपूर दिसलं आणि आपण खूश. पण कवच चढवताना जस्त गाभ्यातही शिरतं, तांबं आणि इंडियमची जागा घेतं. याची खूण उत्सर्जनात दिसते. कवच चढवल्यावर शिखर लांब तरंगलांबीकडे सरकायला हवं असं पुस्तकी ज्ञान सांगतं, इथे ते निळ्याकडे सरकतं, कधी पन्नासच्या वर नॅनोमीटर. म्हणजे गुणोत्तरात दिसणारं जस्त कवचात किती आणि गाभ्यात किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) गाभ्याचा आणि कवचासहित डॉटचा सरासरी व्यास मागावा. झिंक सल्फाइडचा एक थर सुमारे ०.३१ नॅनोमीटर, म्हणजे दोन थरांनी व्यास सव्वा नॅनोमीटरने वाढायला हवा. त्याहून कमी वाढ दिसली तर कवच अपुरं धरा. टीईएम नसेल तर पाण्यात नेलेले डॉट्स पीएच ५ च्या ॲसिटेट बफरमध्ये ३७ अंशांवर एक दिवस ठेवून चमक किती उरते ते पाहा. पेशीच्या लायसोसोममध्ये, म्हणजे तिच्या पचनपिशवीत, साधारण हाच पीएच असतो. निम्म्याहून जास्त चमक गेली, तर ती बॅच प्राण्यात टोचण्याच्या लायकीची नाही.

स्वतः बनवण्याचा विचार असेल, तर पद्धत इतर डॉट्सच्या मानाने सोपी आहे. कॉपर आयोडाइड आणि इंडियम ॲसिटेट डोडेकेनथायॉलमध्ये घ्यायचं, निर्वातात पाणी आणि हवा काढायची, नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली सुमारे २३० अंशांपर्यंत तापवायचं. थायॉल हाच द्रावक, हाच गंधकाचा पुरवठादार आणि हाच लिगंड, म्हणजे डॉटच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारा रेणू. रंग पिवळ्यावरून नारिंगी, लाल आणि मग जवळजवळ काळा होत जातो, हव्या त्या टप्प्यावर थांबायचं. मग झिंक स्टिअरेट थेंबाथेंबाने. एकदम ओतलं तर झिंक सल्फाइडचे वेगळेच कण बनतात आणि कवच पातळ राहतं. फ्लास्कमध्ये तांबं इंडियमपेक्षा जरा कमीच ठेवावं, तांब्याची थोडी उणीव असलेले डॉट्स जास्त चमकतात. थायॉलचा वास मात्र मजलाभर पसरतो. फ्यूम हूड, ब्लीचचा बबलर आणि सहनशील शेजारी ही तिन्ही सोय नसेल तर विकतच घ्या.

पाण्यात नेणं

‘वॉटर सोल्युबल’ माल टाळा म्हटलं, त्याचं कारण हे की त्यात वरचं आवरण कोणतं आणि किती, हे बहुधा सांगितलेलंच नसतं. मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्लासारखे छोटे लिगंड असतील तर डॉट्स लहान राहतात, पण आठवड्यांत लिगंड सुटतो आणि द्रावण गढूळ होतं. शिवाय थायॉलमध्येच बनवलेल्या या डॉट्समध्ये पृष्ठभागावरचं बरंच थायॉल स्फटिकाचाच भाग झालेलं असतं, ते बदलून दुसरं बसवणं अवघड जातं. तेव्हा बदलायच्या भानगडीत न पडता वरून गुंडाळावं. फ्रान्समधल्या गटाने २०१० मध्ये सेंटिनल लिम्फ नोडच्या (गाठीतून कर्करोग पसरताना आधी जिथे पोहोचतो त्या नोडच्या) इमेजिंगसाठी हेच केलं. उंदरांत सुमारे ८०० नॅनोमीटरला चमकणारे हे डॉट्स कॅडमियमवाल्या डॉट्सच्या दहापट मात्रेपर्यंत नोडमध्ये सूज आणत नव्हते. दहापट हा फरक खरा आहे, पण ‘सूज येतच नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. जाहिरातीत तो तसा लावला जातो.

कृती अशी. टोल्युइनमधले डॉट्स इथेनॉल किंवा ॲसिटोन घालून गढूळ होईपर्यंत आणा, ८,००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा, वरचं द्रावण ओतून टाका. हे दोनदा करा. तिसऱ्यांदा मोह आवरावा, लिगंड निघून जातात आणि पेलेट परत विरघळत नाही. उलट एकदाच धुतलं तर मोकळं थायॉल आणि झिंक स्टिअरेट मागे राहतं, आणि पुढे पेशी मरतात त्या डॉटमुळे की या साबणामुळे, हे कळत नाही. १ मिलीग्रॅम डॉट्स १ मिलीलीटर क्लोरोफॉर्ममध्ये घ्या, त्यात ८ ते १० मिलीग्रॅम डीएसपीई-पेग-२०००, म्हणजे पेगची साखळी जोडलेलं लिपिड, घाला. पुढे प्रतिपिंड जोडायचं असेल तर त्यातला साधारण पाचवा हिस्सा मॅलिमाइड किंवा कार्बॉक्सिल टोकाचा ठेवा. रोटरी इव्हॅपोरेटरवर हळूहळू उडवा, फ्लास्कच्या भिंतीवर सलग, पातळ थर बसला पाहिजे. घाई केली की क्लोरोफॉर्म उसळतो आणि थराऐवजी ठिपके बसतात. त्यातले डॉट्स पाण्यात येत नाहीत. वरून तासभर निर्वातात ठेवा. आता ८० अंशांचं १ मिलीलीटर पाणी घाला आणि फ्लास्क फिरवत राहा. पाणी साधं, पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर) नव्हे. मीठ आधीच असलं तर गुठळ्या होतात. बाथ सोनिकेटरमध्ये दोन-तीन मिनिटं, मग ०.२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर. फिल्टरची जाळी गडद तपकिरी होऊन द्रावण फिकट निघालं, तर माल फिल्टरवरच राहिला. कृती पुन्हा करावी.

इथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात. राहतं ते रिकाम्या मायसेलचं, म्हणजे डॉटशिवाय नुसत्याच जमलेल्या लिपिडच्या गोळ्यांचं, प्रकरण. साडेचार नॅनोमीटर व्यासाच्या एका डॉटचं मोलर वस्तुमान ढोबळ हिशेबाने सव्वा लाख ग्रॅमच्या घरात जातं, म्हणजे १ मिलीग्रॅम सुमारे ८ नॅनोमोल. १० मिलीग्रॅम लिपिड साडेतीन मायक्रोमोलच्या आसपास. एका डॉटमागे चारशेच्या वर लिपिड रेणू झाले, डॉटला तेवढे लागत नाहीत. उरलेले आपापसांत मायसेल करतात, त्यांच्यावरही मॅलिमाइड असतं आणि महागडं प्रतिपिंड त्यांनाच जाऊन चिकटतं. १०० किलोडाल्टनच्या फिल्टरने ते जात नाहीत, कारण तेही आकाराने मोठेच असतात. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी वर एक ते दोन तास द्यावे लागतात, डॉट भरलेले जड मायसेल खाली बसतात, रिकामे वर राहतात. ही पायरी गाळून केलेल्या ‘टार्गेटिंग’वर विश्वास ठेवू नये.

तयार द्रावणातल्या कणांचा आकार डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) पाण्यात मोजून थांबू नका, १० टक्के सिरममध्ये ३७ अंशांवर दिवसभर ठेवून पुन्हा मोजा. सुरुवातीला २० ते २५ नॅनोमीटर आणि दुसऱ्या दिवशी २०० दिसत असेल, तर शिरेतून दिल्यावर पहिला मुक्काम फुप्फुसात.

प्रतिपिंड जोडायला मॅलिमाइड-थायॉलचा मार्ग जास्त स्वच्छ. प्रतिपिंड हलकेच रिड्यूस करा, उरलेलं डीटीटी (रिड्यूस करणारं रसायन) डीसॉल्टिंग कॉलमने पूर्ण काढा, पीएच ६.५ ते ७.२ मध्ये दोन तास, शेवटी सिस्टीन घालून उरलेली टोकं बंद करा. पीएच ७.५ च्या वर गेलं की मॅलिमाइड पाण्यानेच फुटायला लागतं. ईडीसी हे जोडणारं रसायन वापरून कार्बॉक्सिलवर जोडायचं ठरवलं, तर ईडीसी जास्त झाल्याची खूण लगेच दिसते: एका प्रतिपिंडावर दोन-तीन डॉट्स बांधले जातात आणि अर्ध्या तासात तळाशी लालसर गाळ बसतो. मात्रा कमी करत खाली या आणि ईडीसी दर वेळी ताजं विरघळवा, पाण्यात ते टिकत नाही.

विषारीपणा मोजताना

जिवंत पेशी रंगावरून मोजणारी एमटीटी ही सगळ्यांची आवडती चाचणी आणि इथे सगळ्यांत बेभरवशाची. डॉट्स स्वतः ५७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात आणि मोकळं थायॉल पेशींच्या मदतीशिवायच एमटीटीचं जांभळं फॉर्मॅझान करून टाकतं. दोन्हींमुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. प्रत्येक मात्रेसाठी पेशी नसलेले, फक्त डॉट्स घातलेले वेल ठेवा, फॉर्मॅझान विरघळवल्यावर प्लेट फिरवून वरचं द्रावण नव्या प्लेटमध्ये वाचा. जोडीला एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम मोजणारी) आणि शक्य असेल तर कॉलनी मोजण्याची चाचणी करा. मात्रा १ ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर, वेळ २४, ४८ आणि ७२ तास. २४ तासांवर थांबलेले निकाल तांब्याच्या डॉट्ससाठी निरर्थक आहेत, आयन सुटायला वेळ लागतो. एक प्लेट अंधारात आणि एक उजेडात ठेवायला विसरू नका. कर्कपेशींच्या सेल लाइन्स (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेले पेशींचे वाण) पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून घेता येतात. पण नुसत्या कर्कपेशींवर चाचणी केली तर सुरक्षिततेबद्दल काही कळत नाही, निरोगी यकृत आणि मूत्रपिंडाच्या पेशी सोबत हव्यात.

मात्रा सांगताना एकक जपावं. डेटाशीटवरचे मिलीग्रॅम लिगंडसकट असतात की फक्त अकार्बनी भागाचे, हे विचारून घ्या. एका सप्लायरचे ५० मायक्रोग्रॅम दुसऱ्याच्या ३० इतके असू शकतात, आणि मग ‘हा माल कमी विषारी’ हा निष्कर्ष वजनकाट्याचा ठरतो.

आयन गळतीची चाचणी करताना एक सापळा आहे. डॉट्स पीबीएसमध्ये ठेवून १० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून आलेलं पाणी आयसीपी-एमएसवर दिलं, इंडियम शून्य आलं, आनंदीआनंद. प्रत्यक्षात सुटलेलं इंडियम फॉस्फेटबरोबर न विरघळणारं क्षार बनून फिल्टरच्या वरच अडकलेलं असतं. सिरममध्ये तांबं आणि जस्त अल्ब्युमिनला धरून बसतात, तेही खाली येत नाहीत. फॉस्फेट नसलेला बफर घ्या, आणि ज्ञात मात्रेचं इंडियम आणि तांब्याचं मीठ त्याच बफरमध्ये घालून, त्याच फिल्टरमधून नेऊन किती परत मिळतं ते आधी पाहा.

बाकीचा बाजार

इंडियम फॉस्फाइड डॉट्स टीव्हीच्या पडद्यांमुळे मुबलक मिळतात. उत्सर्जनाची रुंदी ४० ते ५० नॅनोमीटर, म्हणजे पेशींच्या बहुरंगी इमेजिंगला हेच घ्यावेत. पण ‘हेवी मेटल फ्री’ वाचून हुरळून जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने इंडियम फॉस्फाइडला २ए गटात, म्हणजे माणसात बहुधा कर्करोगकारक पदार्थांत टाकलं आहे. तो निष्कर्ष धूळ श्वासातून जाण्याबद्दलचा आहे, कवचातल्या डॉटबद्दलचा नाही, तरी कोरडी पूड उघड्यावर हाताळू नये हे नक्की.

सिल्व्हर सल्फाइडची विद्राव्यता इतकी कमी की आयन गळतीच्या बाबतीत हा गटातला सगळ्यांत शहाणा पदार्थ. १,२०० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, तिथे ऊतींत प्रकाश कमी विखुरतो, उंदराच्या रक्तवाहिन्या रेखीव दिसतात. पण सिलिकॉन कॅमेरा १,००० नॅनोमीटरपर्यंत पोहोचता पोहोचता आंधळा होतो. त्यासाठी थंड केलेला इंडियम गॅलियम आर्सेनाइड कॅमेरा लागतो, तो महाग, आणि निर्यात परवान्याच्या कागदपत्रांत आणखी महिने जातात. कॅमेरा असेल तर कॉपर इंडियम सल्फाइड विसरा आणि हाच घ्या.

कार्बन डॉट्स सगळ्यांत स्वस्त. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन पाण्यात घालून ऑटोक्लेव्हमध्ये २०० अंशांवर पाच तास ठेवलं की निळी चमक तयार. ही चमक बऱ्याच अंशी डॉटची नसून सोबत बनलेल्या छोट्या सेंद्रिय रेणूंची असते. डायलिसिस नीट केलं की ती पिशवीबाहेर निघून जाते. शिवाय ३६० नॅनोमीटरचं उत्तेजन आणि निळं उत्सर्जन शरीरात कामाचं नाही. विषारी नाहीत हे खरं, पण गाठ दाखवण्याच्या कामात आमच्या लेखी नापास. ‘हिरव्या’ पद्धतीने बनवलेल्या मालाबद्दलही एक शब्द. २०१८ मध्ये चहाच्या पानांच्या अर्कातून केलेले डॉट्स फुप्फुसाच्या कर्कपेशींची वाढ रोखतात, ही बातमी खूप फिरली. ते डॉट्स कॅडमियम सल्फाइडचे होते. अर्क चहाचा असला तरी धातू तोच.

इमेजिंग आणि उपचार एकाच बाटलीत?

‘थेरानोस्टिक’ लिहून दुप्पट किंमत लावलेला माल घेऊ नये. इमेजिंगसाठी डॉटने गप्प बसून चमकायचं असतं, उपचारासाठी त्याने उष्णता किंवा ऑक्सिजनचे रॅडिकल तयार करायचे असतात. एका फोटॉनची ऊर्जा एकाच कामाला जाते. चमक ८० टक्के असलेला डॉट चांगली शेगडी होऊ शकत नाही. तापवून गाठ मारण्याचे जे प्रयोग दाखवले जातात, त्यात ८०८ नॅनोमीटरच्या लेझरची तीव्रता आधी वाचावी. त्वचेसाठी मान्य मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.३३ वॅट आहे, प्रयोगांत सर्रास १ ते २ वॅट वापरलेले असतात. एवढ्यात डॉट नसलेली कातडीही तापते, म्हणून फक्त लेझर दिलेल्या गटाचं तापमान शेजारी दिलेलं नसेल तर तो आलेख सोडून द्यावा. औषध वाहून नेण्याचा मार्ग त्यातल्या त्यात बरा. २००७ मध्ये प्रोस्टेट कर्कपेशींसाठी ॲप्टामर (ठरावीक लक्ष्याला चिकटणारा छोटा न्यूक्लिइक आम्लाचा तुकडा) लावलेल्या डॉटवर डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध बसवून, औषध सुटलं की डॉटची चमक परत येते, अशी व्यवस्था दाखवली गेली. ही कल्पना कॅडमियममुक्त डॉट्सवर आणण्यासारखी आहे, कारण इथे डॉटचं काम फक्त खबर देणं एवढंच राहतं.

माणसापर्यंतची वाट आकाराशी अडली आहे. मूत्रपिंडातून बाहेर पडायचं तर पाण्यातला एकूण व्यास साडेपाच नॅनोमीटरच्या खाली हवा, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. साडेचारचा डॉट, वर पेगचं आवरण, झाले वीस. तो यकृत आणि प्लीहेतच जाणार. आवरण पातळ केलं तर टिकत नाही, कवच पातळ केलं तर तांबं सुटतं. तुलना करायचीच तर इंडोसायनिन ग्रीन या सेंद्रिय डायशी करावी. अमेरिकेत १९५९ पासून मंजूर, पाण्यात चमक जेमतेम काही टक्के, रक्तातून काही मिनिटांत नाहीसं होतं, आणि तरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर तेच वापरलं जातं. अंडाशयाच्या कर्करोगात गाठ दाखवणारं पॅफोलासायनिन २०२१ मध्ये मंजूर झालं, तेही सेंद्रिय डायच आहे. म्हणून तुमच्या प्रकल्पात इंडोसायनिन ग्रीनचा गट नसेल, तर नवीन डॉट चांगला ठरला तो कशाच्या तुलनेत, हा प्रश्न परीक्षक विचारणारच.

मागवणं, ठेवणं, टाकणं

टोल्युइनमधला माल ज्वालाग्राही म्हणून येतो, विमानाने आणायला वेगळं पॅकिंग आणि वेगळा खर्च लागतो. सप्लायरकडे बॅचनिहाय स्पेक्ट्रम मागा, कॅटलॉगमधला नमुना स्पेक्ट्रम नको. एका प्रयोगमालिकेला पुरेल एवढा माल एकाच बॅचचा घ्या, दुसऱ्या बॅचचं शिखर २० नॅनोमीटर सरकलेलं असणं अगदी शक्य आहे. टोल्युइनमधले डॉट्स अंधारात, आर्गॉनखाली, खोलीच्या तापमानाला ठेवले तर महिनोन्‌महिने टिकतात. पाण्यातले ४ अंशांवर ठेवा, उणे २० मध्ये कधीच नाही. बर्फ झाला की डॉट्स एकमेकांना चिकटतात आणि वितळवल्यावर परत सुटत नाहीत. प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी, मालाची ऑर्डर नंतर. पाण्यातला माल परवानगीची वाट बघत खराब होतो.

उरलेले डॉट्स सिंकमध्ये ओतू नयेत, तांबं आणि चांदी दोन्ही जलचरांना घातक. आयसीपीसाठी पचवताना नायट्रिक आम्ल फ्यूम हूडमध्येच घाला, सल्फाइडवर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. क्लोरोफॉर्मचा कचरा वेगळ्या, हॅलोजनच्या बाटलीत. ॲसिटोनने केलेलं वॉशिंग त्यात मिसळू नका. त्यात अल्कलीचा अंश गेला तर क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोनची प्रक्रिया बाटली फुटण्याइतकी तापते. टोल्युइन आणि इथेनॉलची बाटली तिसरी, आणि तिन्हींवर आत कोणते धातू आहेत ते लिहा.